परीक्षक अपात्र

९ जानेवारी

चि. प्रतिपक्ष हिला,

आशीर्वाद. माझ्या प्रत्येक विधानावर "पण मामा" म्हणून उठणाऱ्या मुलीला मी हे नाव तिच्या सातव्या वर्षी दिले होते. ते बदलावे असा पुरावा अद्याप समोर आलेला नाही.

"निवृत्तीनंतर तुम्ही दिवसभर संगणकासमोर बसून नक्की काय करता?" असे तू विचारतेस. हाच प्रश्न तुझी मामीही विचारते, परंतु ती उत्तरासाठी थांबत नाही. तू पत्रातून विचारला असल्यामुळे तुला थांबावेच लागेल.

जगात पुष्कळ माणसे फुकट वापरता येतील असे प्रोग्रॅम लिहितात. आमची संस्था ते गोळा करते, तपासते, एकमेकांशी भांडणार नाहीत अशा रीतीने बांधते आणि त्यांचा एक मोठा संग्रह लोकांच्या हाती देते. अशा संग्रहाला 'वितरण' म्हणतात आणि त्यातल्या प्रत्येक बांधलेल्या प्रोग्रॅमला 'पॅकेज'. कोणालाही पगार नाही. त्यामुळे प्रत्येकाला मत आहे. कोणी नवे पॅकेज पाठवले की ते रांगेत लागते. परीक्षक हरकती घेतो, पाठवणारा दुरुस्त्या करतो, पुन्हा हरकती, पुन्हा दुरुस्त्या; शेवटी परीक्षक 'मान्य' असे लिहितो. मला प्रोग्रॅम लिहिता येत नाही. मी परवाने आणि वर्णने तपासतो. एके काळी माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसणारा एक विद्यार्थी आज या संस्थेच्या परीक्षण मंडळाचा अध्यक्ष आहे. त्याने मला यात ओढले. पस्तीस वर्षे मी तर्कशास्त्र शिकवले, तेव्हा मुले खिडकीबाहेर पाहत. आता कित्येक अनोळखी माणसे माझ्या एका शब्दाची वाट पाहतात आणि मी तो देत नाही. निवृत्तीकडून माणसाने आणखी काय अपेक्षावे?

अडचण एकच होती. येणारी पॅकेजे अफाट, तपासणारे मूठभर. रांग मारुतीच्या शेपटासारखी वाढत चालली होती. त्यावर मी डिसेंबरात एक नियम रचला आणि पाच जणांच्या आमच्या परीक्षण मंडळाने तो एकमताने स्वीकारला. कलम एक: ज्याला आपले पॅकेज संग्रहात हवे, त्याने आधी दुसऱ्याचे एक तपासावे. कलम दोन: ज्याचे स्वतःचे एक तरी पॅकेज संग्रहात आहे, त्याचेच परीक्षण धरले जाईल. पहिल्याने परीक्षक वाढतात, दुसऱ्याने कच्चे परीक्षक गळतात. अंमलबजावणी यंत्राकडे सोपवली आहे, कारण यंत्राला दयामाया नाही आणि पत्नी नाही.

परिणाम तात्काळ दिसला. रांग वाढायची थांबली. नव्या माणसांच्या तक्रारी बंद झाल्या. मौन ही संमती, हे तू जाणतेसच.

सध्या माझ्याकडे 'गोगलगाय' असे टोपणनाव धारण केलेला एक इसम आहे. ज्यांची वाचा गेली आहे त्यांच्यासाठी त्याने 'फळा' नावाचा प्रोग्रॅम पाठवला आहे. पडद्यावर अक्षरांच्या ओळी एकामागून एक उजळतात, हवी ती ओळ आली की रोग्याने एक कळ दाबायची. अशा रीतीने वाक्य जुळते आणि यंत्र ते बोलून दाखवते. कल्पना बरी आहे. वर्णन गचाळ आहे. 'एका बोटाने चालतो' असे लिहिले आणि खाली उदाहरण अंगठ्याचे दिले. अंगठा हा बोटांत धरावा किंवा नाही, ते आधी ठरवा, असे मी कळवले आहे. एकूण सात हरकती आहेत.

तू मात्र कागदावरच लिही. यंत्रावर आलेले मी तपासतो. कागदावर आलेले वाचतो.

तुझा,
मामा


१९ जानेवारी

ती. मामा,

नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. एकदा समजायला आणि एकदा हसायला.

इकडे पुनर्वसन केंद्रात माझं बरं चाललंय. सकाळी सहा रोगी, दुपारी पाच. कोणी अर्धांगाच्या झटक्यानंतर 'आई' म्हणायला शिकतंय, कोणी शिव्या. शिव्या आधी येतात, हे वाचाउपचाराच्या पुस्तकात नसतं.

तो गोगलगाय 'इसम' आहे असं कशावरून? बाई असेल. बायकांनाही अंगठे असतात.

आणि सात हरकती, मामा? बिचाऱ्याने एक पॅकेज पाठवलंय, सात मुलींची स्थळं नाही पाठवली.

मामीला वेगळं पत्र टाकतेय. बायकांच्या गोष्टी आहेत, तुम्ही उघडू नका.

तुमची,
प्रतिपक्ष


२१ जानेवारी

प्रिय मामी,

आधी हे पत्र तुझ्या दवाखान्यात ने आणि मग वाच. मामांच्या चष्म्याच्या टप्प्यात नको.

गोगलगाय मी आहे.

हस. हसून झालं की पुढे वाच, कारण पुढचं हसण्यासारखं नाही. दोन वर्षं रविवारच्या वर्गाला जाऊन मी प्रोग्रॅम लिहायला शिकले आणि फळा लिहिला. तो मी एका माणसासाठी लिहायला घेतला. आमच्याकडे एक सुतारकाका आहेत. झटक्यात उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा अंगठा तेवढा हलतो. डोकं मात्र तासणीसारखं तेज. सध्या फळा माझ्या लॅपटॉपवर चालतो आणि ते त्यावर बोलतात. पण माझी इथली नेमणूक मार्चअखेर संपते. लॅपटॉप मला फेलोशिप देणाऱ्या संस्थेचा आहे, तो परत करायचा. केंद्राचे संगणक आहेत, पण आमचा संगणक अधिकारी बाहेरचं काहीही बसवू देत नाही. मामांच्या संस्थेच्या संग्रहात असेल तरच. नवा संग्रह मार्चअखेर बाहेर पडतो आणि १५ मार्चला नव्या पॅकेजना दार बंद होतं. मग थेट दोन वर्षांनी उघडतं. दोन वर्षं सुतारकाका पुन्हा मुके.

मामांना सांगितलं असतं तर काय झालं असतं, ते तुला माहीत आहे. "नात्यातील पॅकेज तपासणे अनुचित" म्हणून ते बाजूला झाले असते, आणि त्या रांगेत दुसऱ्या कोणी माझ्या पॅकेजला हात लावला नसता. म्हणून गोगलगाय.

त्यांच्या नियमाप्रमाणे मी दुसऱ्या कोणाचं तरी एक पॅकेज तपासलंही. यंत्र म्हणालं, "तुमचे पॅकेज संग्रहात नाही, परीक्षण धरता येत नाही." म्हटलं, बरं, मग माझं पॅकेज तर घ्या. यंत्र म्हणालं, "आधी दुसऱ्याचे तपासा." मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. नियम मामांनी केलाय, म्हणजे बरोबरच असणार. आता त्यांनी 'मान्य' लिहिलं की यंत्र ऐकेल, एवढीच आशा.

एक कबूल करते. मी सुतारकाकांची वाक्यं पूर्ण करते. 'प' उमटला की मी "पाणी?" म्हणते. त्यांना पंखा हवा असतो. मग ते डोळे मिटून घेतात. चिडायला त्यांच्याकडे तेवढंच उरलंय.

तुझी,
तीच ती


२८ जानेवारी

बाळ,

पत्र दोन रोग्यांच्या मध्ये वाचलं. एकाच्या तोंडात कापूस होता, त्याने विचारलं नाही मी का हसते.

तुझ्या मामांना मी चाळीस वर्षं ओळखते. दुखरा दात असेल तर ते आधी 'दुखणे' या शब्दाची व्याख्या करतील. त्यांच्यावर जबरदस्ती चालत नाही. तू हरकती दूर करत राहा. सातव्या हरकतीनंतर ते स्वतःच दमतात, हा माझा अनुभव आहे. लग्नही तसंच जमलं.

मी तोंड उघडणार नाही. इतरांची उघडते, तेवढं पुरे.

मामी


८ फेब्रुवारी

चि. प्रतिपक्ष हिला,

आशीर्वाद. आनंदाची वार्ता आहे. गोगलगायीच्या पॅकेजावर मी काल 'मान्य' असे लिहिले.

त्या इसमाने (तुझी शंका नोंदवली आहे, पुराव्याअभावी इसमच म्हणतो) सातही हरकती दूर केल्या. 'एका बोटाने' या जागी 'हात-पायाच्या ज्या भागावर ताबा उरला असेल त्या एका भागाने' असे लिहिले. हे वाक्य मला फार आवडले. क्षणभर वाटले, हे मीच लिहिले आहे. नंतर आठवले, खरोखर मीच लिहिले होते. सहाव्या हरकतीत सुचवले होते.

'मान्य' लिहिण्यात जे सुख आहे, ते तुला कसे सांगू? न्यायाधीशाला निकालानंतर जेवण गोड लागत असावे, तसे काहीसे. मी चहा घेतला, मामीलाही करून दिला. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, जणू मी एखाद्या गुन्ह्याची तयारी करत आहे.

तथापि कृतज्ञता हा गुण आता दुर्मीळ झाला आहे. आभाराचा एक शब्द न लिहिता गोगलगायीने आज सकाळी एवढेच कळवले: "अजून लाल खूण आहे." मी धैर्य या सद्‌गुणावर एक परिच्छेद लिहून पाठवला. पॅकेज संग्रहात गेले की यंत्र लाल खूण काढते, परंतु त्याला आपले काम करण्यास अवधी द्यावा लागतो. मान्यता मिळाली, म्हणजे पॅकेज गेले. यात संशयाला जागा नाही.

नियमाचे यश वाढतच आहे. गेल्या आठवड्यात एकही तक्रार नाही.

तुझा,
मामा


१७ फेब्रुवारी

ती. मामा,

नमस्कार.

तुमच्या यशाबद्दल अभिनंदन. इथे एक सुतारकाका आहेत, त्यांच्याबद्दल सांगते. त्यांचा फक्त डावा अंगठा हलतो. काल त्यांनी पाऊण तास खपून एक वाक्य जुळवलं: "तू गेलीस की कोण ऐकणार." मी नेहमीसारखी मध्ये बोलले नाही. शेवटपर्यंत थांबले. थांबायला नको होतं, असं वाटलं.

तुम्ही म्हणता तक्रारी बंद झाल्या. मामा, तुमच्या रांगेत उभी असलेली माणसं तुम्ही कधी पाहिलीत? आमच्याकडेही एक वॉर्ड आहे, तिथे कुणाची काहीच तक्रार नसते. कारण तिथे कुणालाच बोलता येत नाही.

धैर्यावरचा तुमचा परिच्छेद सुंदर असणार. त्या गोगलगायीने तो वाचला असेल तर तिचं डोकं नक्की फिरलं असेल. "तिचं" लिहिलंय. पुरावा मागू नका.

प्रतिपक्ष


९ मार्च
(कळफलकाखाली ठेवलेली चिठ्ठी)

अहो,

एकाच घरात पत्र लिहायची वेळ आली, कारण बोलले तर तुम्ही वाद घालाल.

गोगलगायीच्या पॅकेजवर अजून लाल खूण आहे म्हणे. कुणी सांगितलं ते विचारू नका. दार १५ तारखेला बंद होतं. समर्थन नको, व्याख्या नको. एकदा नुसतं बघा. मी रोग्याला सांगते तसं: आ करा आणि गप्प बसा.

मी


१० मार्च

परीक्षण मंडळाचे सन्माननीय अध्यक्ष व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

देवाणघेवाणीच्या नियमाचा जनक या नात्याने तो नियम तात्काळ स्थगित करावा, अशी विनंती करतो. कारण पुढीलप्रमाणे.

कलम एकानुसार नव्या माणसाचे पॅकेज स्वीकारले जाण्यासाठी त्याने केलेले परीक्षण आधी धरलेले असले पाहिजे. कलम दोनानुसार त्याचे परीक्षण धरले जाण्यासाठी त्याचे पॅकेज आधी स्वीकारलेले असले पाहिजे. पहिले दुसऱ्यावर टेकले आहे आणि दुसरे पहिल्यावर. या दोषाला अन्योन्याश्रय म्हणतात. मी तो पस्तीस वर्षे फळ्यावर दोन बाण काढून शिकवला. सोबत म्हण सांगत असे: वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही. वर्ग हसत असे. आता वर्गाने पुन्हा हसण्यास हरकत नाही.

डिसेंबरापासून आपल्या संग्रहात एकही नवा माणूस आलेला नाही. तक्रारी थांबल्या, कारण तक्रार करणारे निघून गेले. बंद दाराबाहेरची शांतता मी समाधान म्हणून मोजली.

दुसरी गोष्ट सांगणे अधिक कठीण आहे. काल मला कोणी 'नुसते बघण्यास' सांगितले. बघितले. नियम लागू झाल्यापासून माझ्या प्रत्येक परीक्षणाखाली, माझ्या सहीच्याही खाली, यंत्राने बारीक अक्षरांत लिहून ठेवले आहे: "परीक्षक अपात्र. संग्रहात स्वतःचे पॅकेज नाही. परीक्षण धरलेले नाही." मी आयुष्यात एकही पॅकेज पाठवलेले नाही. कच्चे परीक्षक गळावेत म्हणून मी चाळणी केली आणि तिच्यातून गळणारा पहिला परीक्षक मी ठरलो. यंत्राने हे पहिल्या दिवसापासून प्रामाणिकपणे सांगितले. परंतु स्वतःच्या सहीच्या खाली वाचण्यासारखे काही असू शकते, हे मला कधी सुचले नाही.

मी 'मान्य' लिहिलेली सर्व पॅकेजे दुसऱ्या पात्र परीक्षकाने नव्याने पाहावीत. माझी मान्यता कोणाच्याही बाबतीत धरू नये. दार पंधराला बंद होते, हे कृपया ध्यानी घ्यावे.

आपला,
नियमकर्ता


१३ मार्च

आदरणीय सर,

नमस्कार. नियम स्थगित केला आहे. अडकलेली पॅकेजं आम्ही चौघांनी वाटून घेतली. शक्य तेवढी दार बंद होण्याआधी पाहतो. 'फळा' काल मी स्वतः तपासला. चांगला आहे. संग्रहात घेतला.

सर, एक सांगायचं होतं. ते वर्तुळ आम्हा चौघांनाही पहिल्या दिवशीच दिसलं होतं. पण नियम तुम्ही मांडला होता. प्रत्येकाला वाटलं, यात काहीतरी खोल हेतू असणार, आपल्यालाच कळत नाही. वर्गातही असंच वाटायचं.

तुमचा,
मागचा बाक


१६ मार्च

चि. प्रतिपक्ष हिला,

आशीर्वाद. दार काल बंद झाले, म्हणून आज लिहितो.

सोबत माझ्या विनंतीची आणि अध्यक्षांच्या उत्तराची प्रत आहे. माझ्या अध्यापनाचा इतका अचूक अहवाल विद्यापीठानेही कधी दिला नव्हता.

आता मुख्य मुद्दा. गोगलगायीच्या वर्णनात एक अंगठा होता. तुझ्या पत्रात एक अंगठा आला. गोगलगाय स्त्री आहे, असे तू दोनदा सांगितलेस आणि पुरावा मागू नका म्हणालीस. तुझी मामी पॅकेज हा शब्द आजवर फक्त कुरियरवाल्याशी बोलताना वापरत असे. तिने मला लाल खुणेची वार्ता दिली. डोंगरावर धूर दिसला की अग्नीचे अनुमान करावे, हे मी किती पिढ्यांना शिकवले असेल! दहा मार्चच्या सकाळी माझ्यासमोर एवढा धूर होता की डोळे चुरचुरत होते. आयुष्यात प्रथमच मी अनुमान काढण्याचे नाकारले. निष्कर्षाला पंधरा तारखेपर्यंत दाराबाहेर उभे केले. रांगेत उभे करण्याची मला सवय आहेच.

हे नीतीला धरून होते काय? मी स्वतःसमोर असा युक्तिवाद केला: मान्यता मी अज्ञानात दिली होती, तीही मी मागे घेतली, नियम सर्वांसाठीच स्थगित झाला, पॅकेज दुसऱ्याने तपासले. म्हणून पक्षपात नाही. युक्तिवाद मला पूर्णपणे पटला. डिसेंबरातला नियमही असाच पूर्णपणे पटला होता, म्हणून तो तुझ्याकडे तपासणीस पाठवतो.

आणखी एक. यंत्रावर आलेले तपासतो आणि कागदावर आलेले वाचतो, असे मी तुला मोठ्या डौलाने लिहिले होते. काल तुझे सतरा फेब्रुवारीचे पत्र पुन्हा काढले. "तू गेलीस की कोण ऐकणार" या ओळीशेजारी समासात पेन्सिलीने एक शब्द लिहिलेला आहे. अक्षर माझे आहे. शब्द आहे: 'असंबद्ध'.

खोडला. पेन्सिल होती, तरी नीट गेला नाही.

सुतारांना माझा पत्ता दे. फळ्याबद्दल काही हरकत असल्यास त्यांनी कळवावी. नव्या पॅकेजांना दार बंद आहे, आत गेलेल्यांच्या दुरुस्त्यांना नाही.

तुझा,
मामा


४ एप्रिल

प्रोफेसर

फळा आला. ताई गेल्या. आता वाक्य माझं मीच संपवतो.

हरकत एक. आवाज रडका आहे. पंखा मागितला तरी लोक धीर देतात.

बदला.

सुतार


२० एप्रिल

ती. मामा,

नमस्कार. फळ्याची पालक, म्हणजे त्याच्या दुरुस्त्या तपासणारी, या नात्याने तुमची पहिलीवहिली दुरुस्ती मिळाली. अभिनंदन! सुतारकाकांसाठी तुम्ही संग्रहातला दुसरा आवाज निवडलात. बदल एका ओळीचा आहे आणि समर्थन चार पानांचं. यंत्राने पानं उलटली, मी दमले.

हरकती आहेत. समर्थनाची चार पानं एका ओळीवर आणा. दुसरं, "प्रस्तुत आवाज गांभीर्ययुक्त व श्रवणसुलभ असल्याकारणाने" असं जिवंत माणूस बोलत नाही, मेलेलाही बोलत नसावा. आणि तिसरं, हा आवाज तुम्हाला आवडलाय. सुतारकाकांना विचारलंत का? त्यांचा होकार येईपर्यंत मी 'मान्य' लिहिणार नाही. नात्यातलं म्हणून सूट नाही. तुमचा युक्तिवादही तपासला. पटला. मलाही संशय येतोय.

दात विचकू नका, पण एक सांगते. फळ्यासाठी अनोळखी लोकांच्या दुरुस्त्या येऊन पडल्यात आणि नव्या नोकरीच्या गडबडीत मी त्या उघडतसुद्धा नाही. काल एकाने लिहिलं, "अजून लाल खूण आहे." मी धैर्यावर परिच्छेद लिहायला घेतला होता. मग तुमची आठवण झाली आणि पुसला.

तुमची,
गोगलगाय


२ मे

चि. गोगलगाय हिला,

आशीर्वाद. प्रतिपक्ष हे नाव आजपासून मागे घेतो. प्रतिपक्षाला निदान हरण्याची शक्यता असते.

तिन्ही हरकती योग्य आहेत. दुसरी लागली. समर्थन एका ओळीवर आणले आहे: "आधीचा आवाज रडका होता." मामी म्हणाली, लग्नानंतरचे तुमचे हे सर्वांत लहान वाक्य. ते तिने स्वयंपाकघरात चिकटवून ठेवले आहे.

तिसऱ्या हरकतीनुसार सुतारांकडे तीन आवाजांचे नमुने पाठवले. मी निवडलेला आवाज तिसरा होता. ती माझी निवड आहे, हे कळू दिले नाही. मग रांगेत उभा राहिलो. उत्तर येईपर्यंत दिवसातून किती वेळा टपालपेटी उघडली, ते तुझ्या मामीला विचारू नकोस. ती सांगेल.

आज उत्तर आले. तुझ्या नोंदीसाठी जसेच्या तसे उतरवतो:

"तिसरा घ्या. रडका नाही. मास्तरसारखा आहे. पण बंद करता येतो."

तुझा,
मामा